टेप वाजतो, पण गाडी सुरू होते का?

खेडेगावात एकेकाळी मोटार म्हणजे एस. टी.ची लाल गाडी, आणि गाणे म्हणजे कोणाच्या तरी ओटीवरचा ट्रान्झिस्टर. आज घाटाखालच्या वाड्यावाड्यांतून पिकअप, जीप, तीनचाकी टेम्पो उभे दिसतात. भात गिरणीवर न्यायचे, खताच्या गोणी आणायच्या, लग्नाचे वऱ्हाड पोचवायचे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, ही सारी कामे त्याच एका गाडीवर. अशा गाडीत गाणे हवेच. अनेक मालवाहू गाड्यांत कंपनीचा टेप नसतो, म्हणून घेणारा तो बाहेरून बसवून घेतो. कॅसेट गेली, पेनड्राइव्ह आणि मोबाइल आले, तरी त्याचे गावातले नाव 'टेप' हेच राहिले आहे.

टेप बसला की थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. कोणाचा मध्येच बंद पडतो, कोणाचा फ्यूज वारंवार उडतो, कोणाला गाण्यामागे शिट्टी ऐकू येते, तर कोणाची गाडी सकाळी सेलच मारत नाही. मालक म्हणतो, "सेट खराब निघाला." दुकानदार म्हणतो, "बॅटरी जुनी झाली." दोघेही बहुतेक वेळा चुकतात. दोष सेटात किंवा बॅटरीत असण्यापेक्षा त्या दोघांना जोडणाऱ्या दोन-तीन वायरींच्या जोडांत असतो, आणि तो घरच्या घरी शोधता येतो.

हा प्रश्न केवळ गाण्याचा नाही

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर तानाजी पडले. त्यांची समाधी इथे आहे, आणि माघ वद्य नवमीला पुण्यतिथीसाठी गावोगावची माणसे गाड्या करून येतात. पोलादपूरहून आत आलेला रस्ता उमरठवरून पुढे ढवळ्याकडे, चंद्रगडाच्या पायथ्याशी जातो. समोर महाबळेश्वरचा कडा उभा. पावसाळ्यात इथे पाऊस कसा कोसळतो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

२२ जुलै २०२१च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळीये, आणि आपल्या पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. महाड शहर पाण्यात गेले. रस्ते तुटले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात सेवा देते आणि तिचा उपयोग मोठा आहे; पण तिला बोलवायला फोन लागावा लागतो आणि तिला यायला रस्ता लागतो. अशा रात्री बाळंतीण अडली, कोणाला जनावर चावले, तर वाडीतली उभी पिकअप हाच आधार. ती चावी फिरवताच सुरू झाली पाहिजे. टेपने रातोरात बॅटरी पिऊन टाकली असेल तर ती सुरू होणार नाही. म्हणून टेपचे वायरिंग हा हौसेचा विषय न मानता घराच्या सुरक्षिततेचा विषय मानावा.

वीज गाडीत फिरते कशी?

पाटाचे पाणी खाचरात सोडले की ते तिथे मुरते. विजेचे तसे नाही. बॅटरीच्या धन टोकातून (प्लस) निघालेली वीज काम करून पुन्हा ऋण टोकात (मायनस) परत यावी लागते. जायला वाट आहे पण परत यायला वाट नाही, तर काहीच चालत नाही. गाडीत परतीची वाट म्हणून लोखंडी सांगाडाच वापरलेला असतो. बॅटरीचे ऋण टोक जाड वायरीने सांगाड्याला जोडलेले असते. यालाच आपण 'बॉडी अर्थ' म्हणतो. टेपच्या निम्म्या तक्रारी या परतीच्या वाटेच्या असतात, कारण लोक येणारी वायर नीट जोडतात आणि परतीची वायर कुठल्याही रंगीत पत्र्याच्या स्क्रूखाली अडकवून मोकळे होतात. रंगातून वीज जात नाही. थोडी गेलीच, तर पावसाळ्यात स्क्रू गंजला की तीही अडते.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेटांच्या मागे तीन मुख्य वायरी असतात.

पिवळी : ही कायम बॅटरीवर असते. घड्याळ आणि रेडिओची लावलेली स्टेशने लक्षात ठेवण्याचे काम हिच्यावर चालते, आणि आवाजासाठी लागणारा जास्तीचा करंटही बहुधा हिच्यातूनच येतो.

लाल : ही चावीवर असते. चावी फिरवली की सेट जागा होतो, चावी काढली की झोपतो.

काळी : ही परतीची, म्हणजे बॉडी अर्थची.

बाकीच्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या वायरी स्पीकरच्या. प्रत्येक रंगाची एक साधी आणि एक काळी रेघ असलेली अशी जोडी असते. रेघवाली वायर ऋण. निळी वायर आपोआप वर येणाऱ्या एरियलसाठी किंवा ऍम्प्लिफायर चालू करण्यासाठी असते. तिला बॅटरीचा करंट देऊ नये आणि ती बॉडीलाही लावू नये. वापरायची नसेल तर टोक टेपने गुंडाळून ठेवावे. सेटावरील कागदी पट्टीवर हे रंग छापलेले असतात, ते आधी ताडून पाहावेत. एक गोष्ट विसरू नये. हे रंग सेटाचे आहेत. गाडीच्या वायरींचे रंग वेगळे असतात, म्हणून पिवळ्याला पिवळी पाहून जोडू नये.

आधी साधने, मग हात

फार साधने लागत नाहीत. एक पक्कड, एक पेचकस, थोडा पॉलिश पेपर, दोन-तीन योग्य आकड्याचे फ्यूज आणि एक टेस्ट लॅम्प. १२ व्होल्टचा लहान बल्ब घ्यावा, त्याला दोन हात-दीड हात लांबीच्या दोन वायरी लावाव्यात, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला टोकदार खिळा. झाला टेस्ट लॅम्प. मल्टिमीटर असला तर उत्तमच. पण केवळ मीटरवर विसंबू नये. वायर आतून कुजून तिची एकच तार शिल्लक असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. बल्बला करंट लागतो, म्हणून कुजक्या वायरीवर तो मिणमिणतो. मीटर फसतो, दिवा फसत नाही.

हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. धन टोक आधी सोडायला गेल्यास पाना सांगाड्याला लागून ठिणगी उडते. बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. बिडी, काडी, कंदील तिथे नको. चाचणीसाठी करंट लागेल तेवढ्यापुरते टोक पुन्हा जोडावे. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी असतात. त्या एअरबॅगच्या. त्यांना दिवा, खिळा, काहीही लावू नये. इंजिनाच्या संगणकाकडे जाणाऱ्या वायरीही घरी तपासू नयेत.

सेट मुळीच लागत नसेल तर

पहिल्यांदा फ्यूज पाहावा. एक सेटाच्या पाठीमागे असतो, दुसरा बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर, आणि लाल वायर ज्या वाटेवर जोडली असेल तिचा एक गाडीच्या फ्यूजपेटीत. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा फ्यूज घालावा. आजच्या चपट्या फ्यूजांत १० अँपियरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर त्याहून मोठा घालू नये, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे तर मुळीच नको. फ्यूज सेट वाचवण्यासाठी नसून वायर वाचवण्यासाठी असतो. चांदी लावली की फ्यूज उडत नाही, मग वायर तापते, तिचे प्लॅस्टिक वितळते आणि डॅशबोर्डमागे आग लागते. आत प्रवासी, मागे पेंढा, अशा गाडीत याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको.

फ्यूज चांगला असेल तर दिवा घ्यावा. चिमटा स्वच्छ लोखंडाला लावून खिळा पिवळ्या वायरीला लावावा. चावी बंद असतानाही दिवा लागला पाहिजे. मग लाल वायरीला लावावा. चावी दिल्यावरच लागला पाहिजे. आता चिमटा बॅटरीच्या धन टोकाला आणि खिळा काळ्या वायरीला. इथे दिवा पूर्ण तेजाने लागला पाहिजे. मिणमिणला, तर परतीची वाट खराब आहे. तिन्ही ठिकाणी दिवा नीट लागतो आणि तरीही सेट मुका, तेव्हाच सेटाला दोष द्यावा.

परतीची वाट दुरुस्त करणे पाच मिनिटांचे काम आहे. सांगाड्याच्या जाड भागावरचा एखादा घट्ट बोल्ट निवडावा. भोवतीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करावा. काळ्या वायरीला थिंबल लावून बोल्टखाली आवळावी आणि वरून थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपडावे. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेला स्क्रू कितीही घट्ट असला तरी अर्थ नव्हे.

गाडी सकाळी सेल मारत नाही

आता मुख्य मुद्दा. डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टर क्षणभर शेकडो अँपियर करंट मागतो. त्यासाठी बॅटरी भरलेली हवी. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.२ आला तर निम्मी, आणि १२च्या खाली गेला तर बहुतेक रिकामी समजावी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ आला पाहिजे. तेवढा येत नसेल तर चार्जिंगचाच दोष आहे, टेपचा नाही.

टेप बॅटरी कशी पितो याचा हिशेब पाहू. पिकअपची बॅटरी ६० अँपियर-तासाची धरा. नीट जोडलेला सेट झोपलेला असताना अगदी थोडा, समजा ०.०२ अँपियर, करंट घेतो. दिवसाला अर्धा अँपियर-तास झाला. बॅटरी निम्मी व्हायला दोन महिने लागतील. आता समजा बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल दोन्ही वायरी एकत्र पिळून थेट बॅटरीला लावल्या. मग सेट चावीने बंद होत नाही. आवाज शून्यावर आणला की मालकाला वाटते टेप बंद झाला; पण सेट आत जागाच असतो आणि अर्धा अँपियर घेत राहतो. दिवसाला १२ अँपियर-तास. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी मंगळवारी संध्याकाळपर्यंत ३६ अँपियर-तास गमावते, म्हणजे निम्म्याहून जास्त. बॅटरी चार वर्षांची जुनी असेल तर तिचा साठाच कमी झालेला असतो. मंगळवारी रात्री ती गाडी ओढणार नाही.

खरा चोर टेपच आहे का, हे मीटरशिवाय ओळखण्याची एक सोपी रीत आहे. तिला तीन रात्रींची परीक्षा म्हणावे. पहिल्यांदा बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. मग सेटाचे फ्यूज काढून खिशात ठेवावेत आणि गाडी तीन रात्री उभी करावी. चौथ्या सकाळी सेल जोरात मारली, तर दोष टेपच्या जोडणीत. तरीही बॅटरी उतरली, तर चोर दुसरीकडे आहे. टपाच्या पेटीतला दिवा, बाहेरून लावलेले एल. ई. डी., मोबाइलचा चार्जर, किंवा स्वतः बॅटरी, यांच्याकडे मग पाहावे.

मीटर असणाऱ्यांनी बॅटरीचे ऋण टोक सोडून, टोक आणि वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून पाहावा. चावी काढलेली, दारे बंद, आणि अर्धा तास वाट पाहिलेली असावी. ०.०५ अँपियरपेक्षा जास्त आकडा राहिला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो त्या वाटेवर चोर आहे. मीटर लावलेला असताना सेल मारू नये, आणि अँपियरवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना आडवा कधीही लावू नये. क्षणात जळेल.

उपाय सोपा आहे. लाल वायर चावीवर चालणाऱ्या वाटेला जोडून घ्यावी. ज्यांची गाडी आठ-आठ दिवस उभी राहते आणि ज्यांच्याकडे ऍम्प्लिफायर नाही, त्यांनी साध्या सेटाची पिवळी वायरही चावीवरच, पुरेशा जाड वायरीने, जोडली तरी चालते. घड्याळ आणि स्टेशने दर वेळी पुसली जातील एवढेच. बॅटरी वाचते. उलट ज्यांचा सेट चावी काढताच स्टेशने विसरतो अशी तक्रार आहे, त्यांच्या पिवळ्या आणि लाल वायरी बहुधा एकमेकींच्या जागी गेलेल्या असतात. अदलाबदल केली की काम झाले.

घरातील मुलांनाही एक गोष्ट समजावून सांगावी. गणपतीत किंवा लग्नघरी उभ्या गाडीतून गाणी लावण्याची रीत पडली आहे. ऍम्प्लिफायर आणि मोठा डबा मिळून १० अँपियर घेत असतील, तर तीन तासांत ३० अँपियर-तास जातात, म्हणजे आपली बॅटरी निम्मी. वारंवार अशी उपसलेली बॅटरी लवकर मरते, कारण तिच्या पट्ट्यांवर पांढरा कठीण थर बसतो आणि तो पुन्हा निघत नाही. कार्यक्रमासाठी स्वतंत्र बॅटरी किंवा घरातली वीज वापरावी. गाडीची बॅटरी ही बियाण्यासारखी आहे. भूक लागली म्हणून बियाणे कोणी शिजवत नाही.

गाण्यामागची शिट्टी आणि खरखर

हा गाडीतील टेपचा सर्वांत जुना रोग. अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. तेव्हा त्यांची मोठी डोकेदुखी हीच होती, की इंजिनाची ठिणगी रेडिओत खरखरत असे.

इथे कानाने निदान करावे. शिट्टीचा सूर ऍक्सिलेटरबरोबर चढत-उतरत असेल, तर ती डायनामोकडून, म्हणजे आजच्या अल्टरनेटरकडून येते. आता आवाज शून्यावर आणावा. तरीही शिट्टी येत असेल, तर ती करंटच्या, अर्थच्या किंवा स्पीकरच्या वायरींतून शिरते आहे. आवाज कमी केल्यावर शिट्टीही कमी होत असेल, तर ती एरियलमधून किंवा मोबाइलच्या केबलमधून येते. या एका चाचणीने निम्मे काम होते.

पहिल्या प्रकारात काळी वायर वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करून नव्याने जोडावी, आणि करंटची वायर इंजिनाच्या वायरींच्या जुडग्यापासून दूर न्यावी. दुसऱ्या प्रकारात मोबाइलचा चार्जर काढून पाहावा. मोबाइल चार्जिंगलाही लावलेला आणि केबलने टेपलाही जोडलेला असेल, तर परतीच्या दोन वाटा होतात आणि त्या फेऱ्यात शिट्टी शिरते. स्वस्त चार्जर आणि एल. ई. डी. दिवे रेडिओत खरखर घालतात तेही असेच ओळखावे : एकेक बंद करून ऐकावे. शिट्टीबरोबर हेडलाइट थरथरत असतील किंवा चार्जिंगचा लाल दिवा मंद जळत असेल, तर अल्टरनेटर तपासून घ्यावा. 'टिक टिक' असा ठिणगीचा आवाज मात्र पेट्रोल गाडीतच येतो. डिझेलला ठिणगी नसतेच.

आणखी एक सांगावेसे वाटते. उमरठ-ढवळ्याच्या खोऱ्यात एफ. एम. रेडिओ वळणावळणाला येतो-जातो, त्याला सेटाचा दोष समजू नये. एफ. एम.च्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. पोलादपूरच्या मोकळ्यावर येऊन स्टेशन नीट लागले, तर सेट चांगला आहे, त्याला खोलू नये. तिथेही खरखर असेल, तर एरियलची पिन सेटात पूर्ण बसली आहे का आणि एरियलच्या बुडाशी गंज चढला आहे का, ते पाहावे.

स्पीकरचे दुखणे

जुन्या जीपगाड्यांत एक खोच असते. त्या काळच्या अनेक टेपांना स्पीकरची एकच वायर जात असे आणि दुसरे टोक बॉडीला लावलेले असे. आजच्या सेटांत स्पीकरच्या दोन्ही वायरींत करंट असतो. जुन्या वायरिंगवर नवा सेट जोडला आणि एक टोक बॉडीलाच राहिले, तर सेट लगेच बंद पडतो किंवा त्याचा आतला भाग जळतो. म्हणून जुन्या गाडीत प्रत्येक स्पीकरला नव्या दोन वायरी ओढाव्यात. दारातून जाणारी वायर उघड-मीट करून तुटते आणि पत्र्याला लागते. मध्येच बंद पडणाऱ्या सेटाचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

स्पीकर चांगला आहे का, हे पाहायला टॉर्चचा एक सेल पुरतो. स्पीकर सेटापासून पूर्ण सोडवावा आणि त्याच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवावा. 'टक्' असा आवाज येऊन पडदा हलला तर स्पीकर जिवंत. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला, तर गाणे वाजते पण ढोलकीचा घुमारा हरवतो. बरेच जण त्यासाठी नवे स्पीकर आणतात. वायरी उलट करून पाहाव्यात, पैसा वाचेल.

आवाज मोठा करताच सेट बंद पडत असेल, तर करंटची वायर बारीक आहे, अर्थ कच्चा आहे, किंवा एका वायरीवर दोन स्पीकर लावून सेटावर जास्त ओझे टाकले आहे, असे समजावे.

ओल आणि उंदीर

कोकणच्या पावसात नुसत्या पिळलेल्या आणि वरून टेप गुंडाळलेल्या जोडाचे आयुष्य एका चातुर्मासाचे. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसात आत ओल जाते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो. जोड कथलाचा डाग देऊन किंवा थिंबल दाबून करावा आणि वर तापवून आवळणारी नळी चढवावी. जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडी हवीच. नसेल तर पत्र्याची धार वायर कापते. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा. डॅशबोर्डजवळ लावलेला फ्यूज त्याच्या अलीकडच्या सगळ्या वायरीला वाचवू शकत नाही.

भाताच्या मळणीनंतर गाडीत चार दाणे, पेंढ्याच्या काड्या राहतात आणि उंदीर येतात. ते वायरीही कुरतडतात. पेंढा वाहून झाला की गाडी झाडून काढावी. बायका घर झाडतात तेवढ्याच नेमाने पुरुषांनी गाडी झाडावी, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

मोठ्या ट्रक-टिप्परला दोन बॅटऱ्यांचे मिळून २४ व्होल्ट असतात. त्यावर १२ व्होल्टचा सेट थेट लावल्यास जळतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोडल्यास त्या दोन बॅटऱ्या लवकर खराब होतात. त्यासाठी व्होल्ट कमी करणारा तयार डबा मिळतो, तोच वापरावा. नव्या गाडीचा मूळ सॉकेट कापण्याऐवजी त्यात बसणारी तयार जोडपिन आणावी. वायरी कापल्या तर कंपनी हमी नाकारण्याचा संभव असतो.

आगोटीच्या यादीत एक ओळ

मृगाआधी आपण आगोटी भरतो. मीठ, मसाला, सुकी मासळी, सरपण घरात आणतो, छप्पर शाकारतो. त्या यादीत गाडीची ही पाच कामे लिहावीत. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून दाराशी लावावीत.

१. बॅटरीची टोके कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावीत, कोरडी करावीत, घट्ट आवळून व्हॅसलीन लावावे. झाकणाची बॅटरी असेल तर शुद्ध केलेल्या पाण्याने पातळी भरावी.

२. टेपचा अर्थ सोडून, घासून पुन्हा आवळावा.

३. फ्यूज योग्य आकड्याचे आहेत का पाहावे. कुठे चांदी किंवा तार गुंडाळली असेल तर आजच काढावी.

४. तीन रात्रींची परीक्षा घ्यावी.

५. दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायच्या जाड केबल वाडीत निदान एका घरी असाव्यात. जोडताना धनाला धन लावावे, चांगल्या बॅटरीच्या ऋणाला दुसरी केबल लावून तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला लावावे, बॅटरीला नाही. म्हणजे ठिणगी बॅटरीपासून दूर राहते.

इतके करूनही दोष सापडला नाही, किंवा वायर तापल्याचा वास आला, तर फ्यूज काढून गाडी पोलादपूर-महाडच्या जाणत्या कारागिराकडे न्यावी. जाताना दोष केव्हा दिसतो ते नेमके सांगावे : चावी काढल्यावर, ऍक्सिलेटर दिल्यावर, हेडलाइट लावल्यावर की पाऊस पडल्यावर. एवढे सांगितले तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

आणि घाटात शिरलात की आवाज कमी करा. समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न, वरून घरंगळणाऱ्या दगडाचा आवाज ऐकू आला पाहिजे. गाणे पुन्हा लावता येते.